स्थापना १९९२

साईप्रियाला विलायतेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याची बातमी तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत सकाळच्या कॉफीबरोबर पोचली, आणि कॉफीचा टंबलर रिकामा व्हायच्या आत तिच्या वडिलांना, म्हणजे वेंकटरावांना, पहिला प्रश्न आला. विचारणारे होते समोरच्या घरातले प्रतापसिंहराव. हे कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर विद्यार्थी उरले नाहीत म्हणून ते गल्लीला शिकवत. त्यांनी रीतसर अभिनंदन केलं, पेपराची घडी करून मांडीखाली ठेवली आणि म्हणाले, "तें अस्कें ठीक." तंजावरी मराठीत अस्कें म्हणजे सगळं. "विद्यापीठ किती जुनं?"

दुसऱ्या कुठल्याही गावात या जागी फी किती, मुलगी एकटी राहणार का, लग्नाचं काय, असलं काही विचारलं असतं. पण तंजावरची गोष्ट वेगळी. इथलं देऊळ हजार वर्षांचं, कावेरीवरचं धरण त्याहून किती तरी जुनं. साडेतीनशे वर्षांपूर्वी येऊन इथे राज्य केलेले मराठे इथल्या लोकांच्या लेखी अजून अलीकडेच आलेले. त्यामुळे मराठी घरांना वयाचं भारी वेड. गल्लीतल्या प्रत्येक घराचा कुणी ना कुणी पूर्वज दरबारात मोठ्या हुद्द्यावर होता. ते सगळे पूर्वज खरोखर एकाच दिवशी कामावर हजर झाले असते, तर राजाला बसायला जागा उरली नसती.

वेंकटरावांनी "जुनंच की, बरंच जुनं" असं म्हणून वेळ मारून नेली आणि घरात येऊन मोबाइलवर पाहिलं. वेस्टरबी विद्यापीठ, इंग्लंडच्या उत्तरेला. विद्यापीठाचा दर्जा १९९२ साली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चष्मा स्वच्छच होता. त्यांची स्कूटर १९८८ची होती. स्वयंपाकघरातला वेट ग्राइंडर या विद्यापीठापेक्षा वयाने मोठा होता आणि रोज इडलीचं पीठ दळत होता. पण खरा घाव पुढच्या ओळीत होता. १९९२च्या आधी हे विद्यापीठ काय होतं, तर पॉलिटेक्निक.

आता वेंकटराव स्वतः पॉलिटेक्निकचे. डिप्लोमा, इलेक्ट्रिकल. वीज मंडळात ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागले आणि हळूहळू वर चढत निवृत्त झाले. काम चोख, कुणाला बोट ठेवायला जागा नाही. पण ऑफिसात वेंकटराव दोन होते आणि दुसरे पदवीवाले होते. गोंधळ नको म्हणून शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना 'इंजिनिअर वेंकटराव' म्हणत आणि यांना 'डिप्लोमा वेंकटराव'. पदवीवाले बदली होऊन गेले, पुढे देवाघरीही गेले, पण यांचा डिप्लोमा काही सुटला नाही. निरोपसमारंभात शाल घ्यायला माइकवरून हाक आली तीही त्याच नावाने. मुलगी पदवी घेऊन इंजिनिअर झाली तेव्हा त्यांना वाटलं होतं की तो शब्द घरातून कायमचा गेला. आता तो विलायतेहून परत आला होता.

तरी फ्लेक्स लावायचा हे पक्कं होतं. तमिळनाडूत मूल जन्मलं, त्याचे कान टोचले, मुलगी वयात आली, लग्न लागलं किंवा आजोबा गेले, की नाक्यावर हातभर हसऱ्या चेहऱ्यांचा फ्लेक्स लागतो. आजोबांच्या बाबतीत चेहरे तेच, फक्त हसायचे थांबलेले. वेंकटरावांच्या घरचा असा एकही फ्लेक्स आजवर लागला नव्हता. त्यांची पत्नी सरस्वतीबाई म्हणाल्या की आधी पोरीला विचारा. साईप्रिया तेव्हा चेन्नईत नोकरीला होती आणि निघण्यापूर्वी महिनाभर घरी यायची होती. वेंकटराव म्हणाले, मान करायचा तर विचारून करतात का. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते दिवसभरात आणखी दोघांना ऐकवलं.

अडचण वयाची होती. शेवटी त्यांनी प्रतापसिंहरावांना विश्वासात घेतलं. प्रतापसिंहराव अजिबात हसले नाहीत. उलट त्यांचे डोळे चमकले. घराण्याचं मूळ शोधून देणं हा त्यांचा आवडीचा विषय, गल्लीतल्या अर्ध्या पूर्वजांना दरबारात त्यांनीच नेऊन बसवलेलं. दोघं विद्यापीठाची वेबसाइट उघडून तिन्नईवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसले आणि दुपारपर्यंत मूळ सापडलं. १८६८ साली तिथल्या गिरणीवाल्यांनी कामगारांसाठी एका वखारीत संध्याकाळचा वर्ग काढला होता. त्या वर्गाची तांत्रिक शाळा झाली, शाळेचं कॉलेज, कॉलेजचं पॉलिटेक्निक आणि मग विद्यापीठ. प्रतापसिंहरावांच्या मते मूळ पुरुष सापडल्यावर मधली नावं सांगायची गरज नसते. सरस्वतीबाई कॉफी ठेवायला आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही विद्यापीठाचं लग्न जमवूलालांत का?"

फ्लेक्सचं दुकान मुरलीकृष्णचं. तो घरी मराठी बोलणारा, दुकानात तमिळ, आणि देवनागरी मात्र त्याला नुसती वेलबुट्टी वाटायची. त्याच्या कॉम्प्युटरवर परदेशासाठी ठरलेली चित्रं होती. एक घड्याळाचा मनोरा, एक पूल आणि एक टोकदार कळसांचं, वेलींनी झाकलेलं शेकडो वर्षांचं विद्यापीठ. वेंकटरावांनी त्याला वेस्टरबीची खरी इमारत दाखवली. ती बस डेपोसमोरची काचेची चौकोनी पेटी होती. मुरलीकृष्ण म्हणाला की हे लावलं तर लोक नवीन इस्पितळ उघडलं समजून नाव नोंदवायला येतील. मग कळसवालंच घेतलं. त्यापुढे साईप्रियाला काळा झगा चढवला, डोक्यावरून एक विमान नेलं आणि खाली ठळक अक्षरांत 'स्थापना १८६८' घातलं. तमिळ आणि इंग्रजी मजकुराच्या वर एक ओळ मराठीत हवीच, असा वेंकटरावांनी हट्ट धरला. गल्लीत ती प्रतापसिंहरावांशिवाय कुणालाच वाचता येणार नव्हती. त्यामुळे ती सगळ्यांनाच फार आवडली.

नंतर आले हितचिंतक. फ्लेक्सच्या तळाशी शुभेच्छा देणाऱ्यांचे गोल फोटो लागतात, नाहीतर फ्लेक्स अनाथ दिसतो. वेंकटरावांचे भाऊ तिरुवैयारुला, सरस्वतीबाईंचे भाऊ पापनाशमला. पापनाशमच्या मेहुण्यांनी फोन करून विचारलं की आपला फोटो तिरुवैयारुवाल्यांपेक्षा लहान का. तो मोठा केला तर तिरुवैयारुहून विचारणा झाली. मुरलीकृष्णने दोघांचे सारखे केले तर दोघंही रागावले. अखेर मेहुण्यांना उजवं टोक दिलं. तिथे शेजारी कुणी नसल्यामुळे फोटो मोठा वाटतो, असं मुरलीकृष्णने त्यांना पटवून दिलं.

परवानगीचं सांगायला लागलो तर ही कथा पोथी होईल. महापालिकेच्या एका खिडकीवर समजलं की पोलिसांचा होकार लागतो. पोलिसांनी सांगितलं की समोर जुनी राजवास्तू आहे, तेव्हा ती झाकली जात नाही असं तिसऱ्या ठिकाणाहून आणा. तिसऱ्या ठिकाणचे गृहस्थ फार सभ्य होते. त्यांनी वेंकटरावांना बसायला खुर्ची दिली आणि प्रसंग विचारला. त्यांच्याकडे लग्न होतं, कान टोचणं होतं, पुढाऱ्याचा वाढदिवस होता, परदेशगमन नव्हतं. निधन असतं तर आजच्या आज झालं असतं, असं ते हळहळून म्हणाले. वेंकटरावांनी क्षणभर विचार केला हे त्यांनी घरी सांगितलं नाही. अखेर तो प्रसंग 'इतर शुभकार्य' ठरला आणि हेलपाट्यांनी झिजलेल्या चपलांनी वेंकटराव परवानगी घेऊन आले.

फ्लेक्स उभारला तो आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमाराला. या महिन्यात तंजावरकडे वारा असा सुटतो की वाळत घातलेल्या वेष्ट्या, म्हणजे धोतरं, शेजारच्या गल्लीत शोधाव्या लागतात. वेंकटराव वीज मंडळातले, त्यांनी तारांपासूनचं अंतर स्वतः टेप लावून मोजलं आणि बांबू रोवून घेतले. पण संध्याकाळी पापनाशमचे मेहुणे पाहायला आले तर त्यांचा चेहरा नेमका दिव्याच्या खांबाआड गेलेला. जेवायला बसल्यावर त्यांनी पानात वाढलेली पचडी तशीच ठेवली. सरस्वतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी बांबू उपटून चार पावलं पलीकडे, तारांच्या बाजूला रोवले गेले. या वेळी टेप कुणी काढली नाही.

शनिवारी सकाळी साईप्रिया आली. नाक्यावर रिक्षातून उतरली आणि बॅग हातात धरून फ्लेक्सपुढे उभी राहिली. वेंकटराव तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं पोर भारावली.

"अप्पा, हें घर कोणाचं?" तिने कळसांकडे बोट दाखवलं.

तिच्या विद्यापीठाचंच, पण जरा लांबच्या नात्यातलं, असं काहीसं वेंकटराव बोलले. ती घरी आली, हातपाय धुतले, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून बोलली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. १९९२ झाकायचं कारण काय, असं तिने विचारलं. त्या साली तिकडच्या पॉलिटेक्निकांना विद्यापीठ व्हायची वाट मोकळी झाली, आपल्या नावाने पदवी द्यायचा हक्क मिळाला. ज्यांच्या घरात कुणी विद्यापीठाची पायरी चढलं नव्हतं अशा किती तरी घरांतली पोरं त्या दारांतून आत गेली. तिला शिकवणार त्या बाई बसड्रायव्हरच्या कन्या होत्या, त्याच पॉलिटेक्निकात संध्याकाळी शिकून वर आलेल्या. त्या काचेच्या पेटीमागे एक मोठं आवार होतं, तिथे खरे खांब रोवून, खरा वारा सोडून, वादळात पडलेल्या लाइनी लवकर कशा उभ्या करायच्या हे शिकवत. तेवढ्यासाठी तिने ते विद्यापीठ निवडलं होतं.

वेंकटराव पुटपुटले की हे सगळं खरं, पण लोक वय विचारतात, आणि त्यातून पॉलिटेक्निक म्हटलं की लोकांचं तोंड कसं होतं ते तिला ठाऊक नाही.

"गजा वादळ आलें तेव्हां तुम्ही कितीक दिवस घरीं आलां नाहीत," साईप्रिया म्हणाली. "कावेरीच्या डेल्टांत अस्के खांब पडलेले. मी तेव्हांच ठरविलें हेंच शिकायचें. मज निवडतांना त्यांनी विचारलें, हें कां? मी मान वर करून सांगितलें, माझे अप्पा पॉलिटेक्निकचे. आणि तुम्ही येथें तेंच झांकून ठेवलांत."

ती पुढे म्हणाली की हा फ्लेक्स नाक्यावर असेपर्यंत ती त्याच्याखालून जाणार नाही. विलायतेला निघायची वेळ आली तरी मागच्या दाराने जाईल. सरस्वतीबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. मुलगी पहिल्यांदा एवढ्या लांब निघालेली आणि ती मागच्या दाराने, म्हणजे पापनाशम आणि तिरुवैयारु दोन्हीकडे आयुष्यभर पुरेल इतकं बोलणं.

वेंकटराव दिवसभर ओट्यावर बसून राहिले. काढावा तर इतक्या खटपटीने मिळालेली परवानगी वाया, आणि गल्ली विचारणार का काढला. ठेवावा तर पोर. कुणी येऊन सुंदर फ्लेक्स म्हटलं की ते नुसती मान हलवत. पोरीने जगापुढे सांगितलेली गोष्ट बापाने लपवली, हे त्यांना आतून खात होतं. पण चाळीस वर्षं जो शब्द ऐकून खाली बघायची सवय लागली, तो शब्द आपण होऊन नाक्यावर टांगायचा, ते त्यांच्याने होईना.

दिवेलागणीला वारा सुटला. फ्लेक्स आधी फुगला, मग विमानाच्या जागी फाटला, आणि मग उजवा बांबू मेहुण्यांच्या फोटोसकट तारांवर जाऊन पडला. मोठा आवाज झाला, निळा उजेड चमकला आणि सगळी गल्ली अंधारात गेली. घराघरांतून लोक बाहेर आले. सगळ्यांत चिडले होते टोकाच्या घरातले अप्पाजी. त्यांचा धंदाच इडलीच्या पिठाचा. सकाळच्या गिऱ्हाइकांचं पीठ ग्राइंडरमध्ये अर्धवट दळून अडकलं होतं. वीज मंडळात जन्म घालवलेल्या माणसाच्या फ्लेक्सने आपली वीज जावी, हे त्यांनी तमिळ आणि मराठी दोन्ही भाषांत सांगितलं.

थोड्या वेळाने मंडळाची गाडी आली. लाइनमन शिडी लावायला लागला. बरोबरचा तरुण इंजिनिअर, नवाच लागलेला, टॉर्च घेऊन फिरत होता. फ्लेक्स कुणाचा, असं त्याने विचारलं. गल्ली गप्प राहिली. गल्ली एरवी कधीच गप्प नसते, पण परक्यापुढे आपल्या माणसाचं नाव घेत नाही. प्रतापसिंहराव तर वाऱ्याच्या इतिहासावर काहीतरी सांगायला लागले.

"माझा," वेंकटराव पुढे होऊन म्हणाले.

इंजिनिअरने लोंबणाऱ्या तुकड्यावर टॉर्च मारला. कळस दिसले, झगा दिसला, 'स्थापना १८६८' दिसलं. तो जरा नरमला. बाप रे, एवढं जुनं विद्यापीठ, तुमचीच मुलगी का, असं त्याने आदराने विचारलं. 'हो' म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, फक्त मान डोलवायची होती. दारात साईप्रिया मेणबत्ती घेऊन उभी होती.

"नाही," वेंकटराव म्हणाले. इंजिनिअरशी ते तमिळमध्ये बोलत होते, पण गल्लीतल्या प्रत्येकाला कळेल इतक्या मोठ्याने. "तें चित्र दुसऱ्याचं आहे. हिचं विद्यापीठ १९९२चं. त्याआधीं पॉलिटेक्निक होतं. मी पण पॉलिटेक्निकचाच. तुमच्या ऑफिसांत विचारा, डिप्लोमा वेंकटराव म्हणतात मला."

इंजिनिअरने टॉर्च खाली केला. तारेपासून किती लांब बांधायचं ते डिप्लोमात शिकवत नाहीत का, असं त्याने सरळ विचारलं.

"शिकवतात," वेंकटराव म्हणाले. "पहिल्याच वर्षीं."

कुणीतरी हसलं. ती साईप्रिया होती. हसता हसता तिने मेणबत्ती आईच्या हातात दिली, खाली येऊन वडिलांच्या शेजारी उभी राहिली, आणि बापलेक मिळून तो फाटका फ्लेक्स गुंडाळायला लागले. कळस आत गेले, विमान आत गेलं. दिवे आले तेव्हा वेंकटरावांच्या लक्षात आलं की आपण मघापासून मान खाली घातलेली नाही. त्यांना इतकं हलकं वाटलं की ते स्वतःच चकित झाले. अप्पाजी मात्र पिठाकडे निघून गेले आणि पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

दुसरा फ्लेक्स लहान झाला आणि स्वतःच्या घराच्या भिंतीवर लागला, त्याला कुणाची परवानगी लागली नाही. त्यात बस डेपोसमोरची काचेची पेटी होती आणि साईप्रिया रोजच्या सलवार-कमीजमध्ये होती. खाली तिन्ही भाषांत लिहिलं होतं, 'स्थापना १९९२, पूर्वी पॉलिटेक्निक'. प्रतापसिंहरावांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, इतक्या अलीकडचा मूळ पुरुष आपण प्रथमच पाहतो आहोत, पण मराठे तंजावरात आले त्या दिवशी तेही काही जुने नव्हते. हे मात्र त्यांनी हळू आवाजात सांगितलं. हितचिंतक या वेळी कुणीच नव्हते, त्यामुळे पापनाशम आणि तिरुवैयारु पहिल्यांदाच एकमेकांशी सहमत झाले. सप्टेंबरात साईप्रिया पुढच्या दाराने निघाली, अख्खी गल्ली तिला पोचवायला नाक्यापर्यंत आली, आणि वेंकटराव रडले नाहीत असं ते स्वतः सांगतात.

ती गेल्यावर आठवड्याभराने दुपारी अप्पाजी आले. हातात पिठाचं भांडं होतं. ते ओट्यावर टेकले, भिंतीवरचा फ्लेक्स शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वेंकटराव मनात माफीचं वाक्य जुळवत होते.

"माझी लावण्या पॉलिटेक्निकला आहे, सिव्हिल," अप्पाजी म्हणाले. "दुसरं वर्ष. मी अस्क्यांस कॉलेज म्हणून सांगतों. काल एकानें विचारलें तर मी पॉलिटेक्निक म्हणून सांगितलों." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "तिच्या तोंडासमोर सांगितलों. ती माझ्याकडे पाहूनच राहिली."

फाटकाशी लावण्या उभी होती, आत यावं की नाही या विचारात. वेंकटरावांनी तिला हाक मारून खुर्ची दिली, सरस्वतीबाईंना कॉफी टाकायला सांगितलं. तिने खालच्या आवाजात विचारलं की तिकडे आमच्यासारख्यांना घेतात का, काय काय करावं लागतं. वेंकटरावांना यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांनी मोबाइल काढला. तिकडे सकाळ होती. साईप्रियाने लगेच उचलला आणि घाबरून विचारलं की अम्मा बरी आहे ना.

"अस्कें बरं आहे," वेंकटराव म्हणाले आणि फोन लावण्याच्या हातात देऊ लागले. "साई, आपल्यांतली अजून एक आहे. तिच्याशीं बोल."